प्रत्यारोपणानंतरची दुसरी गाठ : बऱ्या झालेल्या मुलाची फाइल कोण जपणार?

मूळपेशी प्रत्यारोपणाने मुलाचा रक्ताचा आजार बरा होतो, दर महिन्याची रक्ताची पिशवी थांबते, मूल पुन्हा शाळेत जाऊ लागते आणि घरच्यांच्या दृष्टीने गोष्ट तेथे संपते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती तेथे संपत नाही. ज्या औषधांनी आणि किरणांनी आजारी अस्थिमज्जा नष्ट करून नव्या मज्जेसाठी जागा केलेली असते, त्यांचा ठसा शरीरातील इतर पेशींवरही उमटलेला असतो. थोड्या मुलांमध्ये पाच, दहा किंवा वीस वर्षांनी त्या ठशातून नवाच कर्करोग उद्भवतो. हे जुन्या आजाराचे पुनरागमन नव्हे. मूळ आजार पूर्ण बरा झालेला असतानाही हा नवा रोग होऊ शकतो. वैद्यकीय भाषेत त्याला दुय्यम अर्बुद म्हणतात.

या विषयाकडे सुरतेच्या बाजूने पाहिले तर त्याची खरी अडचण लवकर ध्यानात येते. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात, म्हणजे चौधरी, गामित, वसावा, धोडिया, हळपती या समाजांत, सिकलसेलचे जनुक मोठ्या प्रमाणावर आढळते. सीमेपलीकडे नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल आणि पावरा समाजांतही ते आहे. लोहाणा आणि सिंधी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आहेत. या दोन्ही आजारांवर कायमचा इलाज म्हणून आज जे उपाय पुढे येतात, त्यांत मूळपेशी प्रत्यारोपण सर्वांत जुने आणि सर्वाधिक अनुभवाचे आहे. सुरत हे या साऱ्या टापूचे महानगर. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून कापडधंद्यासाठी आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. माणसे ही रेषा रोज ओलांडतात. त्यांच्या आजारपणाचे कागद तितक्या सहजपणे ती ओलांडत नाहीत.

दुय्यम अर्बुदाची मेख नेमकी येथे आहे. ते लवकर सापडले तर बहुधा आटोक्यात येते. पण ते शोधायचे असेल तर पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणत्या रुग्णालयात, कोणते औषध, किती मात्रेत दिले होते, हे कुणाला तरी ठाऊक असावे लागते. गोव्यातील वाचकांनाही ही अडचण परकी नाही. प्रत्यारोपणासाठी मुंबई, वेल्लोर किंवा बंगळूर गाठायचे आणि पुढचे आयुष्य फोंडा, डिचोली किंवा काणकोणात काढायचे, अशी वाटचाल येथेही होते.

जागा करण्याची किंमत

प्रत्यारोपण म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, असा समज अजूनही दिसतो. प्रत्यक्षात नव्या मूळपेशी रक्ताच्या पिशवीप्रमाणे शिरेतूनच दिल्या जातात. खरा घाव त्यापूर्वीच्या आठवडाभरात बसतो. बुसल्फान, सायक्लोफॉस्फामाइड यांसारखी औषधे प्रचंड मात्रेत देऊन रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते. काही आजारांत, विशेषतः ल्युकेमियात, संपूर्ण शरीरावर किरणोपचारही करतात. त्याची प्रचलित मात्रा साधारण १२ ग्रे असते आणि ती तीन दिवसांत विभागून दिली जाते. या माऱ्यात मज्जेबरोबर अवटुग्रंथी, म्हणजे थायरॉइड, मेंदू, हाडे, त्वचा, स्तनांच्या पेशी, तोंडाचे अस्तर हे सारे सापडते. बहुतेक पेशी स्वतःची दुरुस्ती करतात. काहींची दुरुस्ती अपुरी राहते, आणि गुणसूत्रांतील ती चूक पेशी विभागत जाईल तशी पुढच्या पिढीकडे सोपवली जाते.

लहान मुलांना धोका अधिक का, याचे उत्तरही यातच आहे. चार वर्षांच्या मुलाच्या पेशी वाढीसाठी वेगाने विभागत असतात, त्यामुळे चुकीला पसरायला वाव मिळतो. शिवाय त्याच्यापुढे साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य असते. साठीतल्या रुग्णात वीस वर्षांनी उगवणारी गाठ उगवण्यापूर्वीच आयुष्य संपलेले असू शकते. मुलाच्या बाबतीत ती ऐन तारुण्यात उगवते.

डॉ. ई. डोनल थॉमस यांनी जुळ्या भावंडांमध्ये मज्जा प्रत्यारोपणाचे प्रयोग १९५०च्या दशकात केले आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. भारतात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर तिच्या भावाच्या मज्जेने पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. पाठोपाठ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८६ मध्ये हे काम सुरू केले. म्हणजे भारतात बालपणी प्रत्यारोपण झालेली पहिली पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे. दुय्यम अर्बुदांचा विचार ज्या वयात करावा लागतो, त्या वयात आपल्याकडची माणसे आत्ता कुठे पोहोचत आहेत.

पट आणि टक्के यांतला घोळ

या विषयावरचे आकडे घाबरवणारे असतात आणि ते अर्धवट वाचले तर फसवेही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात १९६४ ते १९९२ या काळात प्रत्यारोपण झालेल्या १९,२२९ रुग्णांची पाहणी होती. दहा किंवा त्याहून अधिक वर्षे जगलेल्यांमध्ये नव्या घन कर्करोगाचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या ८.३ पट निघाले. मथळ्यात ‘आठपट’ छापले की वाचकाचा थरकाप होतो. त्याच अभ्यासात हेच मोजमाप टक्क्यांत मांडले तर दहा वर्षांत २.२ टक्के आणि पंधरा वर्षांत ६.७ टक्के येते. लहान वयात कर्करोग मुळातच दुर्मीळ असतो, म्हणून थोड्या रुग्णांतूनही मोठा पट तयार होतो.

केवळ मुलांवर केंद्रित असलेला अभ्यास २००० साली आला. त्यात ल्युकेमियासाठी प्रत्यारोपण झालेली ३,१८२ मुले होती. सर्वसामान्य मुलांच्या प्रमाणात त्यांच्यात एखादा घन कर्करोग अपेक्षित होता. प्रत्यक्षात २५ आढळले. ३,१८२ पैकी २५ म्हणजे एक टक्काही नाही, मग त्याच अहवालात पंधरा वर्षांचा संचित धोका ११ टक्के कसा, असा प्रश्न चौकस वाचकाला पडेल. कारण साधे आहे. त्यातल्या बहुतेक मुलांना अजून पंधरा वर्षे पूर्ण झालेलीच नव्हती, अनेक मुले मूळ आजारानेच गेली होती आणि फार थोडी शेवटच्या टप्प्यापर्यंत पाहणीत राहिली होती. त्या थोड्यांवरून काढलेल्या ११ टक्क्यांची शक्य कक्षा २.३ ते १९.८ इतकी पसरट होती. तेव्हा ११ हा आकडा कोरीव सत्य मानण्याचे कारण नाही. पण दोन गोष्टी त्यातून निःसंशय दिसल्या : काळ सरेल तसा धोका वाढत गेला आणि पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तो सर्वाधिक होता. यांतील कित्येक मुलांना प्रत्यारोपणापूर्वी डोक्यावरही किरणोपचार झालेले होते, हेही विसरता येत नाही.

सुरतेच्या पट्ट्यातील मुलांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलाला आधी केमोथेरपी झालेली नसते आणि त्याच्या प्रत्यारोपणात संपूर्ण शरीरावर किरणे देण्याचे बहुधा टाळतात. सिकलसेलची कहाणी थोडी वेगळी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सिकलसेलसाठी प्रत्यारोपण झालेल्या १,०९६ रुग्णांपैकी सुमारे दोन टक्क्यांना दुय्यम कर्करोग झाले. त्यांत बहुसंख्य ल्युकेमिया किंवा त्याच्या पूर्वावस्थेचे होते. आश्चर्य वाटावे अशी बाब म्हणजे हे सौम्य समजल्या जाणाऱ्या, किरणांची अल्प मात्रा असलेल्या पद्धतीनंतर अधिक दिसले. तीव्र उपचार म्हणजे अधिक धोका, हे आपले गणित येथे उलटते. सौम्य पद्धतीत रुग्णाची जुनी मज्जा पुरती जात नाही. वर्षानुवर्षे झिजलेल्या त्या मज्जेत काही पेशी आधीच बिघडलेल्या असू शकतात. किरणांचा थोडा मार बसला आणि नवी मज्जा रुजली नाही, तर मोकळ्या झालेल्या जागेत त्याच बिघडलेल्या पेशी वाढतात, असे तज्ज्ञांचे अनुमान आहे.

केव्हा, कोठे

दुय्यम कर्करोगांचे वेळापत्रक सारखे नसते. सर्वांत आधी, बहुधा पहिल्या वर्षातच, लसिका पेशींचा एक विकार डोके वर काढू शकतो. त्यामागे एपस्टाइन-बार हा विषाणू असतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात तो आयुष्यभर निद्रिस्त असतो आणि प्रतिकारशक्ती दाबलेली असताना मोकाट सुटतो. त्यानंतरच्या काही वर्षांत ल्युकेमियाचा टप्पा येतो. यात आधीच्या केमोथेरपीतील औषधांचा वाटा मोठा असतो. इटोपोसाइडसारख्या औषधाने होणारा ल्युकेमिया एक ते तीन वर्षांत दिसतो, तर सायक्लोफॉस्फामाइडच्या जातीच्या औषधांमुळे होणारा साधारण पाच ते सात वर्षांनी. घन गाठी सर्वांत उशिरा येतात आणि त्यांचा आलेख वर्षांबरोबर चढत जातो. म्हणूनच ‘पाच वर्षे झाली, आता काळजी नाही’ हे वाक्य मूळ आजाराबाबत खरे असले, तरी येथे लागू पडत नाही.

गळ्यातील अवटुग्रंथी ही सर्वांत हळवी जागा. प्रत्यारोपणाच्या वेळी मूल दहा वर्षांखालील असेल तर तिचा धोका विशेष वाढतो. समाधानाची बाब अशी की, हा कर्करोग बहुधा सावकाश वाढतो आणि शस्त्रक्रियेने बरा होतो. वर्षातून एकदा डॉक्टरांनी गळा बोटांनी चाचपून पाहणे ही त्याची पहिली तपासणी. तिला खर्च जवळपास नाही.

छातीवर किंवा संपूर्ण शरीरावर किरणे घेतलेल्या मुलींच्या बाबतीत स्तनांच्या कर्करोगाचा विचार फार लवकर करावा लागतो. अमेरिकेतील बालकर्करोग तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांची स्तनतपासणी वयाच्या पंचविसाव्या वर्षी किंवा किरणोपचारानंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा सुरू व्हावी. सामान्य स्त्रीला सांगितल्या जाणाऱ्या वयाच्या हे पंधरा-वीस वर्षे आधी आहे. पंचविशीतली तरुणी मॅमोग्राफी मागायला गेली तर तिला बहुधा परत पाठवले जाईल. तिच्या हातात जुन्या उपचारांचा कागद असेल तरच तिचे म्हणणे ऐकले जाईल.

तोंडाचा कर्करोग मात्र आपल्या प्रदेशात वेगळ्या गांभीर्याने घ्यावा लागतो. परक्या दात्याच्या पेशी कधी कधी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला चढवतात. हा विकार दीर्घकाळ रेंगाळला तर तोंडाचे अस्तर कोरडे, पांढुरके आणि व्रणयुक्त राहते. १९९७च्या अभ्यासातही तोंड आणि त्वचेच्या कर्करोगाचा या विकाराशी घट्ट संबंध आढळला होता. अशा तोंडात तंबाखू, सुपारी किंवा मावा गेला तर काय होईल हे सांगण्यास तज्ज्ञ नको. गोव्याने २००५ मध्येच कायदा करून गुटख्यावर बंदी घातली. महाराष्ट्र आणि गुजरातने ती २०१२ मध्ये आणली. बंदीनंतरही पानाच्या ठेल्यावर काय मिळते हे तिन्ही राज्यांतील वाचक जाणतात. प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर मलम बदलत बसण्यात अर्थ नाही. तुकडा काढून तपासणी करणे हाच मार्ग.

लसींचा मुद्दाही येथेच येतो. प्रत्यारोपणानंतर बालपणी टोचलेल्या लसींची प्रतिकारशक्ती बहुतांशी पुसली जाते आणि त्या नव्याने द्याव्या लागतात. त्यांत यकृताच्या कर्करोगापासून रक्षण करणारी हिपॅटायटिस बीची लस असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी एचपीव्ही लस मुलींइतकीच मुलांनाही उपयोगी आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ पासून उपलब्ध आहे.

फॅन्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक आजाराची मुले तर वेगळ्याच पंक्तीत बसतात. त्यांच्या पेशींना गुणसूत्रांतील मोडतोड दुरुस्तच करता येत नाही. मूल बुटके असते, अंगठ्याची घडण वेगळी असते, कातडीवर कॉफीच्या रंगाचे डाग असतात. पण काही मुलांत यांतले काहीच दिसत नाही. आजार न ओळखता अशा मुलाला नेहमीच्या मात्रेत औषधे दिली, तर तीच घातक ठरतात. म्हणून मज्जा आटलेल्या प्रत्येक मुलाची गुणसूत्र तपासणी प्रत्यारोपणापूर्वी व्हायला हवी. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत ती होते. प्रत्यारोपणाने या मुलांची मज्जा सुधारते, पण तोंड आणि घशाच्या कर्करोगाचा मूळचा धोका वाढतो. एका अभ्यासात प्रत्यारोपण झालेल्या फॅन्कोनी रुग्णांना हा कर्करोग साधारण अठराव्या वर्षी, तर न झालेल्यांना तेहतिसाव्या वर्षी झाल्याचे दिसले होते.

मग प्रत्यारोपण टाळावे का? ल्युकेमिया उलटलेल्या मुलासाठी हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याच्यापुढे बहुधा दुसरी वाट नसते. थॅलेसेमियात मात्र आईवडिलांना निवड करावी लागते. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, साचणारे लोह उतरवण्यासाठी रोजची औषधे आणि तरीही हृदय व यकृताची झीज, हे एका पारड्यात. प्रत्यारोपणातील तत्काळचा धोका आणि दूरच्या काळातील थोडा कर्करोगाचा धोका दुसऱ्यात. जुळणारे भावंड असेल आणि मूल लहान असेल, तर दुसरे पारडे बहुतेक तज्ज्ञ पसंत करतात, आणि ते योग्यच आहे. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. पुढच्या वीस वर्षांच्या तपासण्यांसाठीही असाच विचार व्हायला हवा.

लपवलेला इतिहास

तिसऱ्या वर्षी प्रत्यारोपण झालेल्या मुलाला त्यातले काहीच आठवत नाही. आईवडील सांगत नाहीत, कारण आठवण नको असते. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची धास्ती असते. सासरी तर हे कळू द्यायचेच नाही, असे ठरते. फाइल माळ्यावर जाते किंवा घर बदलताना हरवते. मुलगी पंचवीस वर्षांची होते तेव्हा आपली स्तनतपासणी सुरू व्हायला हवी, हे तिलाच ठाऊक नसते. दुय्यम अर्बुदाला एवढी मोकळीक दुसऱ्या कशाने मिळत नसेल. बदनामीच्या भीतीने घेतलेला हा निर्णय समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत निर्णय घेणारे मोजत नाहीत.

या प्रश्नाची जाण भारतात सर्वप्रथम मुंबईत दिसली. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. तो ‘ॲक्ट क्लिनिक’ या नावाने ओळखला जातो. आजारी मुलांच्या रांगेत बऱ्या झालेल्यांना बसवायचे नाही आणि तरीही त्यांना आयुष्यभर सोडायचे नाही, ही त्यामागची कल्पना. २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने ‘उगम’ हा बऱ्या झालेल्या तरुणांचा गट उभा राहिला. स्वतःच्या आजाराविषयी उघडपणे बोलणारे हे तरुण पाहिल्यावर पालकांची भीती जितकी कमी होते, तितकी कोणत्याही माहितीपत्रकाने होत नाही.

प्रत्येक शहरात असे क्लिनिक निघेपर्यंत थांबण्याची गरज मात्र नाही. रुग्णालयातून निघताना पालकांनी जाड फाइलबरोबर एक पानी उपचार-सार मागून घ्यावे. मूळ आजाराचे नाव, प्रत्यारोपणाची तारीख, दाता कोण, मज्जा नष्ट करण्यासाठी दिलेली औषधे आणि त्यांची एकूण मात्रा, किरणे दिली असल्यास किती ग्रे आणि शरीराच्या कोणत्या भागावर, दात्याच्या पेशींनी केलेला हल्ला किती काळ टिकला, एवढे त्यावर असले म्हणजे पुरे. ते सहसा इंग्रजीत मिळेल आणि तसेच राहू द्यावे, कारण पुढे ते वाचणारा डॉक्टर कोणत्याही राज्यातला असू शकतो. त्याचे छायाचित्र आईच्या, वडिलांच्या आणि मूल मोठे झाल्यावर त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये असावे. उधन्यातला फॅमिली डॉक्टर असो, नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय असो वा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, या एका पानावरून वर्षातून एकदा गळा, तोंड, त्वचा आणि रक्त तपासण्याचे काम कोठेही होऊ शकते. विनाकारण केलेले सीटी स्कॅन टाळण्यासही ते उपयोगी पडते. आधीच किरणे घेतलेल्या शरीराला आणखी किरणे देताना डॉक्टर दोनदा विचार करतो.

सिकलसेलच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी वाढेल तशी कायमच्या इलाजाची मागणीही वाढेल. त्याच वर्षी ८ डिसेंबरला अमेरिकेने सिकलसेलवरील दोन जनुकोपचारांना मान्यता दिली. त्यांत दात्याची गरज नसते, रुग्णाच्याच मूळपेशी दुरुस्त करून परत दिल्या जातात. परंतु त्या परत देण्यापूर्वी जुनी मज्जा बुसल्फाननेच रिकामी करावी लागते. या दोहोंपैकी एका उपचाराच्या आधीच्या आवृत्तीत दोन रुग्णांना ल्युकेमिया झाला होता, म्हणून त्याच्या वेष्टनावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापलेला आहे. जनुकोपचार घेतलेल्या प्रत्येक रुग्णावर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्याची अपेक्षा अमेरिकी औषध प्रशासनाने केली आहे. पाचव्या वर्षी उपचार घेतलेले मूल तोवर वीस वर्षांचे झालेले असेल.